द्राक्षाचे माहेर

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये म्हणतात. द्राक्षाचे मूळ मात्र अवश्य शोधावे. कॅलिफोर्नियाला ‘झिनफँडेल’ या काळ्या द्राक्षाचा कोण अभिमान! त्याचे माहेर निघाले क्रोएशियात. स्प्लिट शहराजवळच्या काश्तेला येथे, एका जुन्या मळ्यात, २००१ साली ते सापडले. झाग्रेब विद्यापीठाचे पेयिच व मालेतिच आणि कॅलिफोर्नियाच्या कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनए जुळवून खात्री केली. तिथे वेली उरल्या होत्या मोजक्याच! तिथल्या प्रसिद्ध ‘प्लावाक माली’चा जन्मदाताही हाच.

आमच्या चौकच्या ख्रिस्ती घरांत नाताळासाठी बरणीत वाइन मुरते. काळी द्राक्षे, साखर, यीस्ट, मूठभर गहू. द्राक्षे कोणत्या जातीची, असे मी एका मावशींना विचारले. “बाजारातली, बाबा!” त्या म्हणाल्या.

महाराष्ट्रात एके काळी भोकरी, फकडी, पंढरी साहेबी अशी नावे होती. बिनबियांच्या थॉमसनने त्यांना मागे सारले. त्याच थॉमसनमधून तासगावच्या शेतकऱ्याने ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरकडच्याने ‘सोनाका’ निवडले. पण ती खाण्याची आणि बेदाण्याची द्राक्षे. नाशिकच्या वाइनसाठी झिनफँडेल परदेशातूनच आले.

काश्तेलाच्या त्या चार वेली कुणी तोडल्या नाहीत, म्हणून एका द्राक्षाला माहेर मिळाले. वाचकहो, तुमच्या परसात जुनी भोकरी असेल, तर कुऱ्हाड लावण्याआधी तिची एक काडी मातीत खोचा, आणि नाव मुलांना सांगून ठेवा.