घरगुती शर्यत-सिम्युलेटरमधील पेडलसंचाची दृढ जोडणी : एक यांत्रिक विवेचन

१. प्रस्तावना

संगणकावरील मोटार-शर्यत हा आता केवळ करमणुकीचा विषय राहिलेला नाही. निसान व सोनी यांच्या ‘जीटी अकॅडमी’ या उपक्रमातून २०११ मध्ये निवडला गेलेला ब्रिटिश चालक जान मार्डनबरो हा २०१३ च्या ले मान्स येथील २४ तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात तिसऱ्या आलेल्या संघाचा सदस्य होता. जून २०२० मध्ये महासाथीच्या काळात याच शर्यतीची आभासी आवृत्ती भरविण्यात आली आणि अनेक व्यावसायिक चालकांनी तीत आपापल्या घरून भाग घेतला. सिम्युलेटरवर अंगवळणी पडलेली सवय प्रत्यक्ष धावपट्टीवर उपयोगी पडत असेल, तर ती सवय ज्या साधनावर लागते त्याच्या विश्वासार्हतेचा प्रश्न गंभीर ठरतो.

आसन, स्टिअरिंग व पेडले एका सांगाड्यावर बसवून घरी जो संच उभारला जातो त्यास ‘रिग’ असे म्हणतात. रिग उभारताना बहुतेकांचे लक्ष स्टिअरिंगकडे असते. वस्तुतः सांगाड्यावर सर्वाधिक बल पडते ते ब्रेकच्या पेडलामुळे. पेडलसंचाची जोडणी ही बळकटीपेक्षा दृढतेची व पुनरावृत्तिक्षमतेची समस्या कशी आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. ब्रेकचे पेडल काय मोजते?

साध्या पेडलसंचात विभवमापी असतो. तो पेडल किती सरकले हे मोजतो. अधिक प्रगत संचात ‘लोड सेल’ असतो. त्यातील धातूच्या तुकड्यावर चिकटविलेल्या स्ट्रेन गेजचा विद्युत्रोध दाबानुसार किंचित बदलतो व त्यावरून बल मोजले जाते. प्रत्यक्ष मोटारीतही चालक पेडलाच्या अंतरापेक्षा दाबाच्या जाणिवेवर अधिक विसंबतो. म्हणून लोड सेलचे पेडल अधिक वास्तव वाटते. मात्र त्यावर मोठा दाब द्यावा लागतो. घरगुती वापराच्या काही पेडलांची क्षमता १०० किलोग्रॅम वजनाइतक्या दाबाहूनही अधिक असते.

३. बलांची साखळी

उदाहरणादाखल ८० किलोग्रॅम वजनाइतका, म्हणजे सुमारे ७८५ न्यूटन, दाब घेऊ. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार पेडल तेवढ्याच बलाने पाय मागे ढकलते आणि ते बल पाय व कंबर यांतून आसनाच्या पाठीवर येते. आसन पेडलांपासून सुटे असेल, तर त्यास जमिनीशी होणाऱ्या घर्षणाचाच आधार उरतो. चालक व खुर्ची यांचे एकत्रित वस्तुमान ८५ किलोग्रॅम आणि फरशीशी घर्षणांक ०.४ मानल्यास कमाल घर्षणबल सुमारे ३३० न्यूटन भरते. म्हणजे खुर्ची मागे सरकणे अटळ आहे. चाकांची खुर्ची तर त्याहून कितीतरी आधी सरकेल.

आसन व पेडले एकाच सांगाड्यास जोडली की ही दोन्ही बले सांगाड्याच्या आतच परस्परांस तोलतात. जमिनीकडे काही मागावे लागत नाही. म्हणून भिंतीला टेकू देणे अथवा पेडलांखाली रबर घालणे हे तात्पुरते उपाय होत. बलांची साखळी सांगाड्यातच पूर्ण करणे हा खरा उपाय होय.

४. उलथविणारे आघूर्ण

पाय पेडलास मुख्यतः पुढे ढकलतो. परंतु तो पायाच्या पट्टीपासून काही उंचीवर ढकलतो. ही उंची २० सेंटीमीटर धरल्यास पट्टीवर सुमारे १५७ न्यूटन-मीटर आघूर्ण येते. परिणामी पट्टीची पुढची कड खाली दाबली जाते, तर टाचेकडील कड उचलली जाते. पुढील व मागील बोल्टांच्या ओळींत १५ सेंटीमीटर अंतर असेल, तर टाचेकडील बोल्टांवर एकूण सुमारे १,०५० न्यूटन ओढ येते. म्हणजे मूळ दाबापेक्षाही अधिक. टाचेकडील बोल्ट वगळून केवळ पुढचे दोन बोल्ट लावण्याची प्रथा किती चुकीची आहे, हे यावरून ध्यानात यावे.

पट्टी केवळ एक अंशाने झुकली तरी २० सेंटीमीटर उंचीवर पेडल सुमारे ३.५ मिलिमीटर पुढे जाते. कठीण ब्रेकची एकूण हालचालच १५ मिलिमीटरच्या आसपास असेल, तर तिचा जवळजवळ चौथा भाग पेडलाचा नसून पट्टीचा असतो.

५. वाकणे आणि सरकणे यांतील भेद

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. सांगाडा स्थितिस्थापक मर्यादेत वाकला तरी लोड सेल पायाचे बल योग्यच मोजतो. शिवाय प्रत्येक वेळी वाकणे सारखेच असल्याने पायाला त्याची सवय होऊ शकते. सांधा सरकला तर मात्र तो मूळ जागी परत येत नाही. पायाचे अंतर व गुडघ्याचा कोन फेरीगणिक बदलत जातो. चालक दोष स्वतःच्या पायाला देतो किंवा अधिक महाग पेडले विकत घेतो; दोष मात्र एका सैल बोल्टात असतो. म्हणून प्रथम सरकणे पूर्णतः थांबवावे व नंतर वाकणे कमी करावे, हा क्रम योग्य होय.

६. जोडणीची रीत

वाकणे कमी करण्यासाठी जाडी हा सर्वांत प्रभावी घटक आहे. पट्टीची दृढता जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ६ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटरची पट्टी आठपट दृढ असते. पोलादाचा यंग गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, तर ॲल्युमिनियमचा सुमारे ७० असल्याने समान आकाराचे पोलाद जवळजवळ तिप्पट दृढ ठरते. फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये चौकोनी पाईप वेल्ड करून घेतलेला सांगाडाही म्हणूनच उत्तम काम देतो. खाचांच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांचा लाभ असा की अंतर हवे तसे बदलता येते. अशी ४० × ८० मिलिमीटरची पट्टी बाजूच्या दांड्यासाठी वापरताना ८० ची बाजू उभी ठेवावी.

खाचेच्या दिशेने सरकणे केवळ घर्षणाने रोखले जाते, हे मात्र विसरू नये. म्हणून पेडलपट्टीच्या पुढे एक आडवी पट्टी अडसर म्हणून बसवावी. प्रत्येक खाचेतील नट पूर्ण फिरून बसल्याची खात्री करावी. रुंद वॉशर वापरावेत, बोल्ट कर्णक्रमाने थोडेथोडे आवळावेत आणि पहिल्या काही दिवसांच्या वापरानंतर पुन्हा तपासावेत. गरजेपेक्षा लांब बोल्ट पेडलसंचाच्या आतील भागांस इजा करू शकतो. पेडलपट्टी तिरपी असेल, तर तिच्या मागे त्रिकोण साधणारा आधार द्यावा. ब्रेक पूर्ण दाबला असताना गुडघा सरळ होता कामा नये.

७. पडताळणी

प्रत्येक सांध्यावर पेन्सिलीने दोन्ही भागांवरून जाणारी एक रेघ ओढावी. ब्रेक पूर्ण दाबाने ५० वेळा दाबावा. रेघ तुटली तर सांधा सरकला असे समजावे. त्यानंतर पेडलपट्टीजवळ सांगाड्यास न टेकणारी फूटपट्टी उभी करून, दाब असताना व नसताना पट्टीच्या स्थितीतील फरक मोजावा. दाब काढल्यावर पट्टी मूळ स्थितीत आल्यास ते वाकणे होय. न आल्यास ते सरकणे होय.

८. समारोप

पेडलसंचाची जोडणी ही वरकरणी क्षुल्लक बाब असली, तरी तीत बलांचा समतोल, आघूर्ण, घर्षण व स्थितिस्थापकता ही यांत्रिकीची मूलभूत तत्त्वे एकत्र येतात. पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेत अल्प खर्चात करता येण्याजोगा हा प्रयोग आहे. त्याहून महत्त्वाचा बोध असा की, स्वतःच्या कौशल्याचे मोजमाप करण्यापूर्वी मोजणारे साधन आपल्या जागी स्थिर आहे की नाही, हे तपासले पाहिजे.