मुळांतली गुंतवणूक

चेरापुंजीच्या डोंगराखाली नोंग्रियाट हे खासी लोकांचे गाव. मोटार वरच थांबते. पुढे सुमारे ३००० पायऱ्या. पोटऱ्या भरून आल्या तेव्हा कुठे ते अरण्यातले गाव दिसले.

उतरलो त्या घरच्या बाईंना मी सहज विचारले, “इथे जमीन मिळेल?” त्या हसल्या. मेघालयाच्या १९७१ च्या कायद्यानुसार आदिवासींची जमीन बाहेरच्याला सरकारी मंजुरीवाचून घेता येत नाही.

मग इथली गुंतवणूक कोणती? रबराच्या झाडाची कोवळी मुळे सुपारीच्या पोकळ खोडांतून ओढ्यापलीकडे नेतात. पूल व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतात. पावसात लाकूड कुजते. हा जिवंत पूल वयाबरोबर बळकट होतो.

परतताना मी त्यावरूनच आलो. कुणाच्या तरी आजोबांनी माझ्यासाठी वाट केली होती. मी कुणासाठी काय लावले?