नाव समुद्राचं, गाव डोंगराचं

न्यूझीलंडच्या क्रिकेटपटूंच्या जर्सीवरचं चंदेरी पान आठवतंय? ते झाडाएवढ्या वाढणाऱ्या एका नेच्याचं. त्याच देशाच्या डोंगरांत त्याचा एक बुटका भाऊबंद राहतो. उंची जेमतेम वीतभर, पण ओलाव्याचा हट्ट राजेशाही! 'आल्पाइन वॉटर फर्न' असं त्याचं इंग्रजी नाव.

बारसं चुकलं? शास्त्रीय नाव 'ऑस्ट्रोब्लेक्नम पेना-मरिना'. लॅटिनमध्ये पेना म्हणजे पीस, मरिना म्हणजे समुद्राचं. पान पिसासारखं, हे खरं. राहायला मात्र डोंगरातल्या ओलसर माळावर!

पत्ता एक नाही. न्यूझीलंड, टास्मानिया, चिली, अर्जेंटिना, फॉकलंड आणि पार हिंदी महासागराच्या दक्षिण भागातलं मॅरियन बेट. मध्ये अख्खे महासागर, तरी कुळ एकच.

दोन तऱ्हेची पानं. काही पानं जमिनीलगत पसरलेली, गर्द हिरवी. काही ताठ उभी, विरळ दातांच्या फणीसारखी. बीजाणू फक्त या उभ्या पानांच्या पाठीवर. कोवळं पान आंब्याच्या पालवीसारखं तांबूस.

ऊन चालतं, कोरड नाही. मुळाशी ओल असेल तर हे नेचं उन्हातही तग धरतं. पानं तेवढी आखूड होतात आणि जास्त तांबूस दिसतात.

मुठीची परीक्षा. माती कुजलेल्या पाल्याची, भुसभुशीत हवी. मूठ आवळली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. ओल हवी, चिखल नको. चुनखडीचं वावडं, म्हणून बोअरच्या जड पाण्यापेक्षा पावसाचं साठवलेलं पाणी बरं. रांगणारं खोड खोल पुरू नका, वरच्यावर ठेवा. जम बसला की ते स्वतःच हातपाय पसरतं. मुळांसकट एक तुकडा काढून लावला की दुसरं रोप तयार.

लग्न पाण्यात. नेच्याला ना फूल, ना बी. बीजाणू रुजला की आधी काही मिलिमीटरची, बदामाच्या आकाराची हिरवी चकती होते. तिच्यावरचे पुंबीज पाण्याच्या पातळ थरातून पोहत स्त्रीबीजापर्यंत जातात. थर आटला की मुहूर्त टळला! ओलाव्याचा हट्ट उगाच नाही.

पाठवणी कोरड्यात. बीजाणूंच्या डबीला पेशींची एक कमान असते. पेशींतलं पाणी आटत जातं तशी ती मागे ताणली जाते, आणि ताण असह्य झाला की आत बुडबुडे तयार होऊन फटकन मिटते. बीजाणू सेकंदाला सुमारे 10 मीटर वेगाने बाहेर! म्हणजे ताशी 36 किलोमीटर, आपल्या रिक्षाचा वेग. पुढचा प्रवास वाऱ्यावर.

नागपूरच्या मे महिन्यात हा पाहुणा टिकायचा नाही. पण गावाकडच्या जुन्या विहिरीत डोकावलात, तर ओल्या दगडांत हंसराज दिसेल. तोही नेच्याच्याच कुळातला. त्याचं एक पान उलटं करा. कडा आत दुमडलेल्या दिसतील. त्या घडीखाली बीजाणू भिरकावणाऱ्या अशाच डब्या, म्हणजे इवल्या गोफणी, कोरड्या दिवसाची वाट बघत बसलेल्या असतात.