कुपनावरच्या चार ओळी

मनीऑर्डरच्या फॉर्मला एक छोटं कुपन जोडलेलं असायचं. त्यावर चार ओळींचा मजकूर लिहिता येई आणि त्याचे वेगळे पैसे पडत नसत. लालबाग-परळच्या गिरण्यांत राबणाऱ्या कोकणी चाकरमान्याने गावचा संसार वर्षानुवर्षं या चार ओळींतून चालवला. ‘रु. ४० पाठवले आहेत. पैकी १० दुकानदारास देणे. बैलास पेंड आणणे. आईचे औषध चुकवू नये.’ एवढ्यात महिन्याचा कारभार उरकायचा.

आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ साली पाव आण्याला मिळू लागलं आणि पुढच्याच वर्षी पोस्टाची मनीऑर्डर आली. मुंबईत गिरण्या वाढत होत्या तो हाच काळ. पावसाळ्यात किनाऱ्यावरची बोट बंद व्हायची, म्हणजे ऐन लावणीच्या दिवसांत घरधनी मुंबईत अडकलेला. शेताची खबर मग टपालानेच कळायची.

गावाहून येणारं कार्ड बहुधा शाळेत जाणाऱ्या पोराच्या हातचं. आजोबा ओटीवर बसून सांगणार, पोरगं लिहिणार. वर ‘श्री’, मग ‘इकडील सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवणे’, ‘पत्रास कारण की’. खरा जीव त्यानंतरच्या मजकुरात असे. वरच्या कुणग्यात लावणी झाली, खालचा राहिला आहे. फणस पडून गडगा कोसळला, शेजारी कुरकुर करतात. गाय व्याली, पाडा झाला. मुंबईच्या खोलीत दहा-पंधरा गाववाले पाळीपाळीने झोपायचे आणि एकाचं कार्ड सगळे ऐकायचे. कार्ड उघडंच असतं, त्यामुळे लपवाछपवीचा प्रश्नच नसे. बायकोच्या वाट्याला मात्र ‘सौ.ची प्रकृती ठीक आहे’ एवढंच येई. सासऱ्यासमोर ती काय सांगणार! ही घुसमट मला या पत्रांतली सगळ्यात दुखरी गोष्ट वाटते. १९५० साली आंतर्देशीय पत्र आलं. ते घडी घालून चिकटवता येई, त्यामुळे निदान लिहिता येणाऱ्या सुनेला थोडा आडोसा मिळाला. वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. निरक्षर माणसालाही ते हातात घेताच कळायचं.

मनीऑर्डर पोचली की पोचपावती पाठवणाऱ्याकडे परत यायची. तिच्यावर पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा. लिहिता न येणाऱ्या आईचा शाईतला अंगठा असा दर महिन्याला मुंबईच्या खोलीत येऊन पोचायचा. त्या अंगठ्याला मी पत्रच मानतो.

एकाच नावाची गावं आणि वाड्या ठिकठिकाणी, त्यात पत्ता वेगवेगळ्या भाषांत नि लिप्यांत; त्यामुळे टपाल भलतीकडे जायचं. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी टपाल अधिकाऱ्याने पिनकोड योजला. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला. पुढे घरोघरी फोन आले. मनीऑर्डर संगणकावर गेली, तेव्हा ठरावीक संदेशांतला एक निवडायची सोय आली. त्या यादीत कुणगा, गडगा, पाडा कुठून असणार?

अशी जुनी पत्रं घराघरांत ट्रंकेत, माळ्यावर पडून आहेत. ती रद्दीत जाऊ देऊ नका. चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये पक्की बंद करू नका. आधी फोटो काढा. घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस शेजारी बसवून ‘तात्या’ कोण आणि ‘वरचा कुणगा’ कुठला ते वेगळ्या कागदावर टिपून ठेवा. पत्रावर तारीख नसेल तर टपालाचा शिक्का पाहा. मुंबईचा आणि गावचा असे दोन्ही शिक्के वाचता आले, तर पत्राला वाटेत किती दिवस लागले तेही कळतं.