«नुसती सुपारीच तर आहे!»

पिरंगुट-हिंजवडीच्या टपऱ्यांवर हे वाक्य सर्रास ऐकू येतं. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, सुपारी मात्र निर्धोक समजून चघळली जाते. वस्तुस्थिती अशी की, तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं. कर्करोग होण्याच्या कितीतरी आधी ती गालातलं कोलॅजेन हे प्रथिन बिघडवते.

आणि इथे दुसरा गैरसमज आड येतो: कोलॅजेन जितकं जास्त, तितकं चांगलं. जाहिरातींनी हे डोक्यात पक्कं बसवलंय. प्रत्यक्षात त्याचे रेणू ओळीने जुळून तंतू बनतो, तो कसा होणार हे इतर प्रथिनं ठरवतात. पाचव्या प्रकारचं कोलॅजेन तंतूची सुरुवात करून देतं, डेकोरिन बाहेरून चिकटून त्याची जाडी आवरतं. १९९७ मध्ये डेकोरिन नसलेल्या उंदरांची कातडी तपासली, तेव्हा ती सहज फाटत होती. कोलॅजेन होतं, पण तंतू वेडेवाकडे, कुठे जाड तर कुठे बारीक.

तंतू जुळल्यावर लायसिल ऑक्सिडेज हे विकर त्यांना जणू टाके घालतं. या विकराला तांबं लागतं, आणि सुपारीत तांबं भरपूर असतं. तिच्यातलं अरेकोलिन पेशींना जादा कोलॅजेन बनवायला लावतं. घट्ट टाचलेलं कोलॅजेन मग शरीराला मोडता येत नाही. गाल आतून पांढुरका, ताठ होतो, ठेचा लागला की आग होते, तोंड उघडेनासं होतं. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ सालीच या आजाराचं वर्णन केलं होतं.

दातांबद्दलही असाच समज असतो, की दात म्हणजे निर्जीव दगड. वरचं कवच खरंच कोलॅजेनविना असतं. पण आतल्या दंतिनातलं सेंद्रिय द्रव्य बहुतांश कोलॅजेनच. दाताला हाडाशी बांधणारे तंतूही त्याचेच, आणि ते सतत नव्याने विणले जातात. त्यासाठी क जीवनसत्त्व हवं, ते आवळा-पेरूत मिळतं. कोलॅजेनची पावडर घेतली, तरी ती पचताना सुटी होते, थेट हिरडीत जाऊन बसत नाही.

सुपारी खात असाल, तर तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालून पाहा. जात नसतील तर सुपारी आजच थांबवा आणि दंतवैद्यांना दाखवा: ताठरपणा पूर्ण जाईलच असं नाही, पण आजार वाढणं बरंच रोखता येतं.