हौशी बिनतारीत आवाज अडतो कोठे?

पाटाच्या पाण्याची पाळी आली आणि आपल्या वावरात पाणी पोहोचले नाही, की पहिले बोट धरणाकडे जाते. जाणता शेतकरी मात्र फावडे खांद्यावर टाकून चारीच्या कडेने वर चालू लागतो. कोठे फुटले आहे का, दार बंद आहे का, वरच्याने पाणी वळवून घेतले का, हे तो एकेक पाहतो. धरणात पाणी आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या लेखी शेवटचा. आज बोलायचे आहे ते आवाजाविषयी; पण शोधण्याची रीत हीच.

हौशी बिनतारी, म्हणजेच हॅम रेडिओ, हा छंद विज्ञान शिकविणाऱ्या पुष्कळ गुरुजींच्या कानांवर असेल. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी, परवाना घ्यावा आणि मग आपल्या संकेतनामाने देशोदेशींच्या लोकांशी बोलावे, असा हा उद्योग. जुन्या पद्धतीत माझा संच आणि तुमचा संच, मध्ये फक्त आकाश. अलीकडच्या अंकीय पद्धतीत मध्ये बरेच काही आले आहे. डीएमआर हीच पद्धत घ्या. तिचे युरोपीय मानक 2005 साली निघाले. हातातला संच आवाजाचे आकडे करतो. घरातली हॉटस्पॉट नावाची लहानशी पेटी ते आकडे पकडते. या पेटीची शक्ती साधारण 10 मिलिवॅट, म्हणजे घर आणि अंगण एवढाच तिचा पल्ला. पेटी ते आकडे इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरकडे धाडते आणि सर्व्हर ते त्या गटातल्या सर्वांना वाटून देतो. ब्रँडमायस्टर या नावाच्या जाळ्यात असे सर्व्हर निरनिराळ्या देशांत आहेत. आवाज बंद पडला की जो तो म्हणतो, "सर्व्हर बिघडला!" बहुतेक वेळा तो बिचारा ठणठणीत असतो.

मग पाहायचे कसे? पहिली चाचणी पोपटाची. 9990 या क्रमांकावर खासगी हाक घालून चार शब्द बोला. सर्व्हरवरचा पोपट तुमचेच शब्द तुम्हांला परत ऐकवील. ऐकू आले, तर संचापासून सर्व्हरपर्यंतची वाट जातायेता मोकळी आहे असे समजा. तरीही गटात शांतता असेल, तर त्या गटाचा क्रमांक आपल्या पेटीसाठी सर्व्हरवर नोंदविला आहे का ते पाहा. आणि हेही लक्षात घ्या, की दुपारी तीन वाजता गटात कोणी बोलतच नसेल! त्याला दुरुस्ती नाही.

पोपट गप्प राहिला, तर पेटीचा फलक संगणकावर उघडा. संचाचे बटण दाबून बोलल्यावर आपले नाव यादीत चढते का? चढत नसेल, तर दोष तुमच्या खोलीतच आहे, इंटरनेटपर्यंत जाण्याचे कारणच नाही. संच आणि पेटी यांची फ्रिक्वेन्सी एकच हवी, कलर कोड एकच हवा (हा 0 ते 15 पर्यंत असतो) आणि टाइम स्लॉटही जुळायला हवा. तुमचे नाव चढते आणि मित्राचे चढत नाही, असे झाले तर पेटी 'खासगी' ठेवली आहे का ते तपासा. तशी ठेवलेली पेटी मालकाच्याच ओळख-क्रमांकाला दाद देते.

आवाज येतो, पण तुटतो आणि टिनाच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, तेव्हा त्याच फलकावर दोन आकडे असतात ते वाचावेत. 'बीईआर' हा आकडा संच ते पेटी या वाटेवरच्या चुका सांगतो. तो चढा असेल तर पेटीची फ्रिक्वेन्सी काहीशे हर्ट्‌झनी सरकलेली असू शकते; स्वस्त पेट्यांत हे नेहमीचे. 'लॉस' हा आकडा इंटरनेटवर गहाळ झालेल्या तुकड्यांचा. तो वाढला तर संचाशी खेळू नका, मोबाइलचे जाळे कमजोर आहे का ते बघा. एवढे दोन आकडे वाचता आले, तरी निम्मी खटपट वाचते.

आता खुद्द सर्व्हरच्या दाराशी येऊ. पेटी सर्व्हरला आधी आपला क्रमांक सांगते. सर्व्हर एक यादृच्छिक संख्या परत देतो. पेटी त्या संख्येशी आपला परवलीचा शब्द मिसळून उत्तर तयार करते. शब्द उघडा कधीच पाठवीत नाही. उत्तर जुळले की प्रवेश, आणि मग दर काही सेकंदांनी हजेरी. पूर्वी सर्वांचा मिळून एकच परवलीचा शब्द चालत असे, आता ज्याचा त्याचा वेगळा लागतो. जुनी पेटी माळ्यावरून काढून लावली आणि दार उघडेना, तर बहुधा हेच कारण असते. दुसरी एक गंमत अशी, की जोडणी लागते, तुटते, पुन्हा लागते. एकाच क्रमांकाच्या दोन पेट्या चालू असल्या तर एक दुसरीला बाहेर ढकलीत राहते. प्रत्येक पेटीला आपल्या सात आकडी क्रमांकापुढे वेगळे दोन आकडे जोडून द्यावेत, की भांडण मिटले.

एकोलिंक हे 2002 मध्ये सुरू झालेले दुसरे जाळे. तेथे नवशिक्याला वेगळाच चकवा बसतो. स्टेशनांची यादी पडद्यावर छान दिसते, पण कोणाशी जोडणी होत नाही. यादी येते 5200 क्रमांकाच्या दारातून, आवाज ये-जा करतो 5198 आणि 5199 या दारांतून. ही दोन दारे राउटरने अडविली, किंवा मोबाइल कंपनीने एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटला, तर बाहेरून आलेला आवाज कोणाच्या घरी न्यावा हे कळत नाही. सर्व्हरने यादी दिली म्हणजे त्याने आपले काम केले. उपाय राउटरमध्ये दारे उघडण्याचा, किंवा प्रॉक्सीमार्फत जाण्याचा. डीएमआरच्या पेटीला ही अडचण सहसा येत नाही, कारण ती स्वतः बाहेरचे दार ठोठावते आणि उत्तर त्याच वाटेने येते.

आणखी एक घरगुती गोष्ट. पेटीतला लहान संगणक स्मृतिपत्रावर, म्हणजे मेमरी कार्डावर चालतो. भारनियमनात वीज अचानक गेली की ते कार्ड बिघडू शकते. कार्डाची एक नक्कल काढून ठेवावी. आणि शोध घेताना एका वेळी एकच गोष्ट बदलून वहीत टिपावी; पाच बटणे एकदम फिरविली तर कशाने गुण आला ते कळत नाही.

कधीकधी सर्व्हर खरेच बंद असतो. इंटरनेटवरच्या इतर गोष्टी चालू आहेत आणि दुसऱ्या गावच्या मित्रांचीही जोडणी तुटली आहे, असे दोन्ही दिसले तरच तसे म्हणावे. मग दुसऱ्या देशातील सर्व्हरचा पत्ता पेटीत घालून पाहावा.

पण इंटरनेटच गेले तर? 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली, तेव्हा नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या संस्थेच्या भारती प्रसाद हौशी बिनतारीच्या मोहिमेसाठी अंदमानात होत्या. पोर्ट ब्लेअरहून त्यांनी बिनतारीवर निरोप पोहोचविण्याचे काम केले. त्या निरोपांच्या वाटेवर एकही सर्व्हर नव्हता, तो असता तर त्याच्यासोबत निरोपही थांबले असते. म्हणून गावातल्या किंवा शाळेतल्या परवानाधारकांनी 144 ते 146 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात संच ते संच थेट बोलण्यासाठी एक फ्रिक्वेन्सी आपसांत ठरवावी. आठवड्यातून एकदा पेटी बंद ठेवून तीवर बोलावे आणि कोणाचा आवाज कोठपर्यंत पोहोचतो ते नकाशावर टिपावे. दोन मेगाहर्ट्‌झच्या या पट्ट्यासाठी संच तसा हवा, एवढे घेताना पाहावे. पुष्कळ डीएमआर संच साध्या एफएम पद्धतीनेही चालतात. ती फ्रिक्वेन्सी संचात आजच भरून ठेवा, कारण ती बहुधा संगणकावरून भरावी लागते, आणि वीज गेल्यावर संगणक चालत नाही.