उसन्या पैशातले बंड

जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ १९५१ साली प्रसिद्ध झाली, भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली. शाळेने काढून टाकलेला होल्डन न्यूयॉर्कमध्ये भटकतो; सांगवीचा पांडुरंग शिक्षणासाठी पुण्यास येतो आणि नापास होऊन गावी परततो. दोघांनाही भोवतालचा खोटेपणा असह्य होतो. दोघांच्याही आयुष्यात एका भावंडाचा मृत्यू आहे. या तुटलेपणाला समीक्षकांनी अस्तित्ववादाशी जोडले. ते चूक नव्हे. परंतु त्यामुळे एक साधी गोष्ट दुर्लक्षिली गेली. वडीलधाऱ्यांच्या ज्या जगाला ही मुले विटली आहेत, त्याच जगाच्या पैशावर ती जगतात. पांडुरंग आणि त्याचे वडील यांच्यातले वितुष्टही बरेचसे पैशावरूनच धुमसते. वडिलांची शेती आहे, म्हणून मुलाच्या नापास होण्याचा खर्च त्यांना सोसवतो. शेतमजुराच्या मुलाला हे वैफल्य परवडले असते काय? (त्याच्या तुटलेपणाची कादंबरी अर्थातच निराळी होईल.) सॅलिंजर यांना हे परावलंबन पुरते ठाऊक असावे. होल्डनचे पैसे संपत येतात, तेव्हा धाकटी बहीण फीबी नाताळासाठी ठेवलेले आपले पैसे त्याच्या हाती देते. आणि इतका वेळ साऱ्या जगाची टिंगल करणारा तो मुलगा रडू लागतो.